उत्तर देणारे कुठे गेले?

याहूची सूचना आली १६ ऑक्टोबर २०१९ला. २८ ऑक्टोबरपासून याहू ग्रुप्सवर नवीन काही चढवता येणार नाही आणि १४ डिसेंबरला तिथे साठलेलं सगळं, म्हणजे जुनी पत्रं, फोटो, फायली, पुसून टाकलं जाईल, असं त्यात म्हटलं होतं. त्या वर्षी २८ तारखेला पाडवा होता. घरात फराळाची ताटं फिरत होती आणि मी संगणकाला चिकटून बसलो होतो. ‘झाडं कुठे पळून जाणार आहेत का?’ असं सौभाग्यवतींनी विचारलं. झाडं जाणार नव्हतीच, त्यांच्याविषयी सतरा-अठरा वर्षं लिहिलेलं सगळं मात्र जाणार होतं.

आमचा गट झाडं ओळखणाऱ्यांचा. कुणीतरी फोटो टाकायचा, ‘हे कोणतं?’ असं विचारायचं आणि ज्याला ठाऊक असेल त्याने सांगायचं, एवढंच काम. सुरुवात केली पुण्याच्या एका वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी. मी नंतर आलो आणि वेळ आहे म्हणून मॉडरेटर झालो. माझी नोकरी रेल्वे डाक सेवेत, म्हणजे आरएमएसमध्ये गेली. धावत्या गाडीत रात्रभर टपालाची छाननी करायची. पत्ते, परत आलेली पाकिटं आणि त्यांच्यावरचा ‘या पत्त्यावर राहत नाही’ हा शेरा मला सवयीचा. ई-मेलवर चालणारा गट सांभाळायचा म्हणजे यातलंच बरंचसं करायचं असतं, हे मात्र खुर्चीत बसल्यावरच कळलं.

ज्यांनी याहू ग्रुप्स वापरलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गटाचा एक पत्ता असे. त्या पत्त्यावर पत्र पाठवलं की ते सगळ्या सदस्यांच्या टपालात जाई आणि त्याची एक प्रत गटाच्या दप्तरात कायमची राही. कुणाला प्रत्येक पत्र वेगळं हवं असे, कुणाला दिवसभरातल्या पत्रांचा एकत्र गठ्ठा. त्या गठ्ठ्याला डायजेस्ट म्हणत. नव्या सदस्याची पहिली काही पत्रं मॉडरेटरने वाचून मगच पुढे सोडायची. हे दप्तर सगळ्यात मोलाचं होतं. फेब्रुवारी-मार्च आला की हमखास प्रश्न यायचा : ‘एकही पान नाही आणि झाड पिवळ्या फुलांनी भरलंय, हे कोणतं?’ डोंगरात दिसलं असेल तर बहुधा सोनसावर, शहरातल्या रस्त्याच्या कडेला असेल तर बहुधा टॅबेबुया. सोनसावरीचं फूल वाटीसारखं उघडं, मध्ये पुंकेसरांचा झुपका. टॅबेबुयाचं फूल कर्ण्यासारखं. प्राध्यापकांनी हे एकदा नीट लिहून ठेवलं होतं. पुढे दर वर्षी त्या पत्राचा क्रमांक दिला की काम भागायचं.

सदस्य करून घेताना आम्ही दोन गोष्टी विचारत असू : राहत्या जागेचा पिनकोड आणि घराजवळच्या एखाद्या झाडाचं नाव. पिनकोड ही माझी भर. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने १५ ऑगस्ट १९७२पासून देशाला दिलेली ही पद्धत, आमच्या खात्याचा अभिमानाचा विषय. पण इथे ती अभिमानासाठी नव्हती. ४१५ लिहिलं की माणूस सातारा-कराड किंवा रत्नागिरी भागातला, ४०३ म्हटलं की गोव्याचा, ४४ने सुरुवात झाली की विदर्भाचा. त्याने पाठवलेलं झाड कोणत्या पट्ट्यातलं याचा अंदाज तिथेच येई. शिवाय जाहिराती टाकायला आलेली मंडळी पिनकोडच्या रकान्यापाशीच गळून पडत. परदेशातल्यांना गावाचं नाव चालत असे. कॅलिफोर्नियातल्या एक ताई दर उन्हाळ्यात आजोळच्या आठवणीतली झाडं आम्हाला वर्णनावरून ओळखायला लावत, आणि पाच-सहा जण मिळून ती ओळखतही.

दाराशी राखण का हवी, हे खर्चुडीवरून सांगतो. खर्चुडी म्हणजे कंदीलपुष्प, शास्त्रीय नाव सेरोपेजिया. हिच्या कितीतरी जाती फक्त सह्याद्रीत सापडतात, त्यातल्या काही अगदी मोजक्या कड्यांवर. जमिनीखाली कंद असतो, तो खाल्ला जातो आणि हौशी लोक कुंडीत लावायलाही उपटून नेतात. पश्चिम घाट २०१२मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासचं पठारही होतं, आणि त्यानंतर आमच्याकडे येणाऱ्यांची संख्या वाढली. त्यातले बहुतेक चांगलेच लोक. पण एक गृहस्थ असे आले की त्यांनी कधी फोटो टाकला नाही, कधी कुणाला उत्तर दिलं नाही. खर्चुडीचा फोटो दिसला की खासगीत विचारायचं, ‘नेमकं कुठे?’ तेव्हापासून नियम झाला : दुर्मीळ वनस्पतीचा फक्त तालुका लिहायचा, गाव नाही, गड नाही. त्यावरही एक पळवाट राहिलीच होती. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या पोटात जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असतात आणि मूळ फोटो ई-मेलने पाठवला की तेही सोबत जातात. एका तरुण सदस्याने हे दाखवून दिल्यावर मॉडरेटरच्या कामात फोटो ‘धुऊन’ सोडण्याची भर पडली.

परत आलेल्या पत्रांचं खातं वेगळंच. व्हीएसएनएलचे जुने पत्ते एकेक करून बंद पडत गेले. कंपनीतले पत्ते माणसाने नोकरी बदलली की मरत. पत्ता मेला की पत्र परत येतं, आणि यंत्रणा अशी परत आलेली पत्रं मोजत बसते. ठरावीक संख्या झाली की त्या सदस्याचं टपाल थांबवते. रीत शहाणपणाचीच आहे. पण एप्रिल २०१४मध्ये याहूनेच तिचे बारा वाजवले. खोट्या नावाने पत्रं पाठवणाऱ्यांना आळा घालायचा म्हणून याहूने जगभरच्या मेल सेवांना कळवलं, की पाठवणारा याहूचा असेल आणि पत्र आमच्या यंत्रातून निघालेलं नसेल तर सरळ नाकारा. आता चर्चायादी, म्हणजे असा ई-मेलवरचा गट, काय करते? सदस्याचं पत्र घेते आणि त्याच्याच नावाने, पण स्वतःच्या यंत्रातून, पुढे पाठवते. पाकिटावर प्रेषक पुण्याचा आणि शिक्का नागपूरचा, तशातला प्रकार. मग याहूवाल्याने लिहिलेली पत्रं जीमेल, हॉटमेलने नाकारली. यादीच्या यंत्रणेला वाटलं, हे जीमेलवालेच मेले. लिहिणारा याहूचा आणि टपाल बंद झालं ते वाचणाऱ्यांचं! आमचा गट याहूच्याच घरात असल्यामुळे बचावला. पण मी ज्या दुसऱ्या एका यादीवर होतो तिथले कितीतरी लोक असे काहीही न करता बाहेर फेकले गेले आणि आपल्याला काढून टाकलं असं समजून रुसून बसले. कुणी अचानक गप्प झालं तर आधी तांत्रिक कारण शोधावं, राग-लोभ मागाहून, हे मी तिथे शिकलो.

तर पुन्हा २०१९. याहू ग्रुप्स मुळात याहूने बांधलेले नव्हतेच. वन-लिस्ट नावाची सेवा मार्क फ्लेचर या माणसाने नव्वदच्या दशकाच्या शेवटी काढली, ती ई-ग्रुप्समध्ये विलीन झाली आणि २०००मध्ये याहूने ई-ग्रुप्स विकत घेतलं. पुढे याहूच २०१७मध्ये व्हेरायझन या टेलिफोन कंपनीच्या हाती गेलं. टेलिफोन कंपनीला आमच्या सोनसावरीचं काय कौतुक असणार! गंमत अशी, की त्याच फ्लेचर यांनी २०१४मध्ये ग्रुप्स डॉट आयओ या नावाने तसंच दुकान पुन्हा थाटलं होतं. त्यामुळे घर पडायला आलं तेव्हा जगभरचे गट धावले ते आधीच्या घराच्या गवंड्याकडेच.

आमच्याकडे तीन तट पडले. तरुण म्हणाले, व्हॉट्सअॅप. मधले म्हणाले, गूगल ग्रुप्स, फुकट आहे. प्राध्यापक आणि त्यांच्या पिढीचे म्हणाले, जिथे जुनी पत्रं जातील तिथे आम्ही. आम्ही ग्रुप्स डॉट आयओवर गेलो, कारण तिथे सदस्यांच्या यादीसोबत जुनं दप्तरही उचलून नेता येत होतं. त्यासाठी डॉलरमध्ये पैसे भरायचे होते. वर्गणीवरून जे वाद झाले ते मराठी माणसाला सांगायची गरज नाही.

मात्र दप्तर उचलणं सोपं, हे म्हणणारा दप्तरात डोकावलेला नसतो. आमची सुरुवातीची मराठी पत्रं रोमन लिपीत होती. त्यानंतरची काही कुठल्या कुठल्या खासगी फॉन्टात, जी आता नुसती अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोड रुळल्यानंतरचीच खरी वाचता येतात. म्हणजे ‘पळस’ शोधला तर अर्धा पळस सापडतो, बाकीचा ‘palas’ आणि ‘palash’च्या इंग्रजी अक्षरांत लपलेला. हे नीट करायला माणसंच बसावी लागली. नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेने टाळेबंदीत बसून प्रत्येक झाडाच्या जुन्या पत्रांना देवनागरी मथळे दिले. या गटावर कुणाचे उपकार असतील तर त्यांचे.

आता माणसांविषयी. सदस्य नव्या जागी नेण्याचे दोन मार्ग : त्यांना न विचारता थेट घालायचं, किंवा आमंत्रण पाठवून त्यांच्या होकाराची वाट पाहायची. पहिल्यात कुणी मागे राहत नाही, पण परवानगीशिवाय आपला पत्ता तिसऱ्या कंपनीकडे गेला म्हणून माणसं चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त असतं. दुसऱ्यात सभ्यता आहे, पण आमंत्रण जाहिरातींच्या ढिगात जाऊन पडतं आणि कोण आलं नाही हे महिन्यांनी कळतं. आम्ही आधी याहूवरच चार-पाच वेळा सूचना दिली, ज्याला यायचं नाही त्याने कळवावं असं सांगितलं, आणि मग यादी नेली.

यादी गेली म्हणजे गट गेला असं मात्र होत नाही. आमच्याकडे रोज लिहिणारे वीस-पंचवीस. ते कुठेही नेले तरी दुसऱ्या दिवशी ‘सुप्रभात’ म्हणत हजर. गटाचं खरं वजन ज्यांच्यावर, ते वर्षातून दोन-तीनदा लिहितात. गवतं ओळखणारे एक निवृत्त वनाधिकारी. नेच्यांशिवाय कशावरही तोंड न उघडणाऱ्या कोल्हापूरच्या एक बाई. शेवाळं आणि दगडफुलांवरचे एकमेव जाणकार, ज्यांची मेल त्यांची मुलगी रविवारी उघडून देते. बाकीचे तास-दोन तास डोकं खाजवतात आणि यांचं एका ओळीचं उत्तर येतं : ‘फुलोरा पाहा, हे ते नव्हे.’ हे लोक नव्या जागेचा पासवर्ड विसरले की मागत नाहीत. तक्रार करत नाहीत. फक्त येईनासे होतात. मग गटावर प्रश्न तेवढेच येतात, शुभेच्छाही येतात, उत्तरं मात्र चुकीची येऊ लागतात, आणि ती चुकीची आहेत हे सांगणारंच कुणी उरत नाही. म्हणून मी दप्तरात बसून गेल्या काही वर्षांत कुणाच्या उत्तरावर चर्चा संपली ते पाहिलं, त्यांची नावं काढली आणि प्रत्येकाला फोन केला. दोघांच्या घरी त्यांच्या निधनाची बातमी ऐकावी लागली. बाकीचे आले. याहूवर आमच्याच जातकुळीचा आणखी एक गट होता. त्या गटाचा मालक परदेशात, त्याचा याहूचा पासवर्ड हरवलेला. मालकाखेरीज कुणाला गट हलवता येईना. तो गट तसाच बुडाला.

आरडाओरडा झाल्यावर जुनं उतरवून घेण्याची मुदत ३१ जानेवारी २०२०पर्यंत वाढली. आर्काइव्ह टीम या नावाने काम करणारे स्वयंसेवक जगभरचे गट वाचवायला धडपडत होते, तर त्यांची खातीच ऐन डिसेंबरात अडवली गेली. त्यानंतर वर्षभर याहूवरून नुसती पत्रांची ये-जा चालू होती. १५ डिसेंबर २०२०ला तीही थांबली. हा काही पहिला प्रकार नव्हे. याच याहूने २००९मध्ये जिओसिटीज मोडून काढलं, गूगलने २०१४मध्ये ऑर्कुट बंद केलं. मराठी कवितांपासून गडकिल्ल्यांपर्यंतच्या किती गप्पा तिथे झडल्या होत्या, ते आज चाळिशीत असलेल्या कुणालाही विचारा.

मी हट्टाने ई-मेलचा पक्ष घेत असलो तरी व्हॉट्सअॅपचा गट आम्हालाही काढावा लागला. तरुण तिथेच होते. तेव्हा मर्यादा २५६ जणांची. पुढे २०२२मध्ये ती आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. व्हॉट्सअॅपच्या बाजूने एक गोष्ट कबूल करतो : नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतले अक्षांश-रेखांश तिथे आपोआप गळून जातात, माझं ‘धुण्याचं’ काम वाचलं. उलट बाजूला, प्रत्येकाचा फोन नंबर प्रत्येकाला दिसतो. गटातल्या दोन मुलींना झाडाशी काही संबंध नसलेले निरोप यायला लागले, तेव्हा निरोप पाठवणाऱ्याला चर्चा न करता काढलं. अशा बाबतीत मतदान घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत. आणि नवा सदस्य आला की त्याच्यापुढे कोरी पाटी. आधी काय बोलणं झालं ते त्याला दिसत नसे. म्हणून तोच सोनसावरीचा प्रश्न, आता वर्षातून एकदा नव्हे, आठवड्यातून तीनदा.

करोनाच्या काळात हे प्रकरण गमतीचं राहिलं नाही. लोक गुळवेल शोधत सुटले होते. रोज वेलींचे फोटो पाठवत आणि ‘हीच ना? काढा करायचाय,’ असं विचारत. गुळवेलीसारखीच दिसणारी, पण पानांवर लव असलेली दुसरी जात आपल्याकडे आहे. फोटोत लव दिसतेच असं नाही. उत्साही मंडळी मिनिटभरात ‘हो हो, गुळवेलच’ म्हणून अंगठा दाखवत. तेव्हा आम्ही दोन नियम केले. खाण्या-पिण्यासाठी किंवा औषधासाठी ओळख विचारली तर उत्तर द्यायचं नाही, वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे जायला सांगायचं. कळलावीच्या कंदाचं विष माहीत असलेल्या कुणाला हा नियम जाचक वाटणार नाही. दुसरा नियम असा, की व्हॉट्सअॅपवर झालेली ओळख कच्ची समजायची. पक्की होते ती ई-मेलच्या गटावर, कारणांसकट. आणि मग तिचा दुवा व्हॉट्सअॅपवर द्यायचा. दर रविवारी कुणीतरी आळीपाळीने हे काम करतं. भारतातल्या वनस्पतींसाठी २००७पासून चाललेल्या ‘ई-फ्लोरा ऑफ इंडिया’ या गूगल गटाने आपल्या चर्चांमधून वनस्पतींची मोठी सूची उभी केली आहे. त्या मानाने आमचं काम घरगुती, पण दिशा तीच.

जानेवारी २०२१मध्ये व्हॉट्सअॅपच्या नव्या गोपनीयता धोरणावरून देशभर कल्लोळ झाला आणि आमच्यातले निम्मे एका रात्रीत सिग्नलवर, काही टेलिग्रामवर गेले. व्हॉट्सअॅपने ते धोरण पुढे ढकललं, लोकांचा राग ओसरला आणि मंडळी एकेक करून परतली. दरम्यान एकाच कारवीवर तीन ठिकाणी तीन चर्चा झाल्या आणि तिन्हींची उत्तरं वेगळी. रागाच्या भरात गट हलवू नये. हलवायचाच तर सगळ्यांनी मिळून, तारीख ठरवून आणि जुन्या जागी ‘आम्ही इकडे गेलो’ अशी पाटी लावून.

अॅडमिन होण्याची लोकांना भीती वाटते, कारण गटात कुणी भलतंसलतं टाकलं तर पोलीस आपल्याला धरतील असा समज आहे. १ मार्च २०२१ला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा संगनमत दाखवावं लागतं. अॅडमिनचे अधिकार माणसं घेण्या-काढण्यापुरते, कोण काय लिहील यावर आधी ताबा नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. पुढच्या वर्षी केरळ उच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. म्हणजे भिऊन अॅडमिनपद सोडायचं कारण नाही. आणि एकटा अॅडमिन गट सोडून गेला तर व्हॉट्सअॅप स्वतःच्या मनाने कुणालाही अॅडमिन करतं. म्हणून आमच्याकडे तीन अॅडमिन आहेत : मी सत्तरी ओलांडलेला, एक चाळिशीतल्या बाई आणि एक कॉलेजात शिकणारा. पासवर्ड तिघांकडे आहेत.

तुम्ही सोसायटीचा, वर्गमित्रांचा, भजनी मंडळाचा, कसलाही गट सांभाळत असाल तर या आठवड्यात दोन कामं करा. गटातली बोलणी बाहेर काढून एखाद्या डिस्कवर ठेवा. व्हॉट्सअॅपवर ‘एक्स्पोर्ट चॅट’ केलं तर फोटोंशिवाय साधारण शेवटचे चाळीस हजार आणि फोटोंसकट दहाच हजार निरोप निघतात, तेव्हा फार थांबू नका. आणि जे क्वचितच बोलतात पण बोलले की प्रश्न मिटतो, अशांची नावं आणि फोन नंबर कागदावर लिहून ठेवा. गट हलवायची वेळ आली की पहिला फोन त्यांना करा.